बातमीच्या फोटोवर हक्क कुणाचा, हे कसं ठरवायचं

वाचायला बसण्याआधी एक कागद शोधून जवळ ठेवा. नोकरीत असाल तर नियुक्तिपत्र, बाहेरून काम करत असाल तर शेवटचं काम ज्या मेलवर किंवा मेसेजवर ठरलं तो. सापडत नसेल तरी हरकत नाही. पण मग कायदा काही गोष्टी आपणहून गृहीत धरतो, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा त्या बऱ्याच वेगळ्या असतात.

मी आधी स्टाफवर होते, मग फ्रीलान्स केलं, मग बरीच वर्षं फोटो डेस्कवर बसले. म्हणजे करारावर सह्या केल्याही आणि करून घेतल्याही. वकील नाही. पण डेस्कवर कुणी नवीन मुलगा येऊन "ताई, माझा फोटो त्यांनी न विचारता वापरलाय, काय करू?" म्हणतो, तेव्हा मी आधी एवढंच विचारते: फोटो काढलास तेव्हा पगार कुणाचा होता, कामावर कुणी पाठवलं होतं, आणि लेखी काय आहे? कॅमेरा कुणाचा होता हे मी विचारतही नाही. ऑफिसच्या कॅमेऱ्यामुळे फोटो ऑफिसचा होत नाही आणि स्वतःच्या कॅमेऱ्यामुळे आपला होत नाही.

पगारावर असताना

आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. फोटो काढणारी व्यक्ती हीच त्या फोटोची कर्ती, असं तो सांगतो, आणि कलम 17 प्रमाणे पहिला मालकही कर्ताच. त्यासाठी नोंदणी लागत नाही, वॉटरमार्क लागत नाही, गोलातला 'सी' लागत नाही. शटर पडलं की हक्क तयार झाला. मग त्याच कलमाखाली अपवाद सुरू होतात, आणि आपल्या धंद्यातली सगळी भांडणं त्या अपवादांतली आहेत.

पहिला अपवाद खास वर्तमानपत्रं आणि मासिकांसाठी लिहिलेला आहे. वर्तमानपत्राच्या, मासिकाच्या किंवा तशाच नियतकालिकाच्या मालकाकडे नोकरीत असताना, त्यात छापण्यासाठी म्हणून फोटो काढला, तर छापण्यापुरता हक्क मालकाचा. छापण्यापुरता, म्हणजे वर्तमानपत्रात किंवा मासिकात प्रसिद्ध करणं आणि त्यासाठी प्रती काढणं. बाकी सर्व बाबतींत पहिला मालक फोटोग्राफरच राहतो. पुस्तक, प्रदर्शन, पोस्टर, कॅलेंडर हे सगळं त्या 'बाकी'त येतं. "पगार आम्ही देतो, फोटो आमचा" हे वाक्य मी कितीतरी संपादकांच्या तोंडून ऐकलंय, आणि वर्तमानपत्राच्या बाबतीत ते कायद्याने निम्मंच खरं आहे.

मात्र हे सगळं 'उलट करार नसेल तर'. म्हणून नियुक्तिपत्र काढा आणि साधारण असं वाक्य शोधा: "नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने निर्माण केलेल्या सर्व कामांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर व कायमस्वरूपी कंपनीकडे राहतील." असं वाक्य असेल आणि खाली तुमची सही असेल, तर तो 'बाकी'चा हक्क तुम्ही देऊन टाकला आहे. पुष्कळदा हे वाक्य पत्रात नसतंच. पत्रात फक्त "कंपनीचे वेळोवेळी लागू होणारे नियम बंधनकारक राहतील" अशी निरुपद्रवी ओळ असते आणि खरं वाक्य एचआरच्या हँडबुकात कुठेतरी आत असतं. ते हँडबुक मागून घ्या. मागितलं म्हणून कुणी नोकरीवरून काढत नाही.

वृत्तसंस्था, टीव्ही चॅनेल किंवा फक्त वेबवर चालणारं पोर्टल असेल तर जपून. 'नियतकालिक' या शब्दात ही मंडळी बसतात का, यावर वाद घालता येतो. बसत नसतील तर नोकरीचा सर्वसाधारण अपवाद लागतो आणि त्यात उलट करार नसेल तर सगळंच मालकाचं. तिथे नोकरी करत असाल तर फोटो आपला नाही असंच धरून चला, आणि प्रदर्शन-पुस्तकासाठी वेगळी परवानगी रुजू होतानाच लिहून घ्या. रुजू झाल्यावर ती मिळवणं फार अवघड जातं. सरकारी खात्यात फोटोग्राफर असाल तर काढलेला फोटो सरकारचा, तिथेही उलट करार नसेल तरच.

ब्रिटनच्या 1956 च्या कायद्यातही वर्तमानपत्रवाल्यांसाठी अशीच विभागणी होती. 1988 च्या कायद्याने ती मोडली आणि नोकरीतला फोटो सरळ मालकाच्या नावावर गेला. अमेरिकेत तर त्याहून पुढे: नोकरीतल्या फोटोचा कायदेशीर कर्ताच कंपनी मानली जाते. त्यामुळे "परदेशात फोटोग्राफरला किती मान" वगैरे ऐकलं की मला हसू येतं. या एका बाबतीत आपला जुना कायदा स्टाफवरच्या फोटोग्राफरला जास्त देतो. तो जास्तीचा हक्क घ्यायला कुणी जात नाही, हा भाग वेगळा.

बाहेरून काम करत असाल तर

इथे मात्र उलटं आहे. कलम 17 चा दुसरा अपवाद म्हणतो की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला, तर उलट करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे डेस्कवरून फोन आला, "उद्याचा मोर्चा कर, एवढे देऊ," तुम्ही "हो" म्हणून गेलात आणि दुसरं काहीच ठरलं नाही, तर वाद झाल्यावर समोरचा याच अपवादावर बोट ठेवणार. पगार नाही, पीएफ नाही, विमा नाही आणि फोटोही त्यांचा.

इंग्रजी वेबसाइट वाचणारी मुलं इथे हमखास फसतात. तिकडे ठामपणे लिहिलेलं असतं की फ्रीलान्सर आपल्या फोटोचा मालक असतो. ते तिकडे खरं आहे. अमेरिकेत लेखी काही दिलं नसेल तर फ्रीलान्सरचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. ब्रिटनमध्ये 1 ऑगस्ट 1989 पासून सांगून काढून घेतलेला फोटोसुद्धा काढणाऱ्याचा. आपल्याकडे तसं नाही.

म्हणून आधी काय घडलं हे महत्त्वाचं. तुम्ही स्वतःहून गेलात, फोटो काढलेत आणि नंतर डेस्कला दाखवून विकलेत, तर ते सांगून काढून घेतलेलं काम नाही. मालक तुम्ही, त्यांना फक्त वापर मिळाला. आधी फोन, मग फोटो, असा क्रम असेल तर घराबाहेर पडायच्या आत एक मेल टाकायचा. मी फ्रीलान्स करताना टाकत असे तो साधारण असा:

"उद्याच्या कामाचे फोटो तुमच्या दैनिकाच्या छापील अंकात एकदा आणि त्याच बातमीसोबत तुमच्या वेबसाइटवर वापरण्यासाठी देत आहे. कॉपीराइट माझ्याकडे राहील. याशिवाय कुठेही वापरायचे झाल्यास किंवा दुसऱ्या कुणाला द्यायचे झाल्यास आधी विचारावे. मानधन ठरल्याप्रमाणे. ठीक असल्यास कळवा, मी निघते."

शेवटचे दोन शब्द मुद्दाम. डेस्कला फोटो हवा असतो, वेळ नसतो, आणि "ओके" असं उत्तर लगेच येतं. तो "ओके" जपून ठेवायचा. हाच तो 'उलट करार'. स्टॅम्पपेपर असता तर आणखी भक्कम झालं असतं, पण मोर्चाला निघालेल्या माणसाला स्टॅम्पपेपर कुठून मिळणार? फोनवरच ठरलं असेल तर फोन ठेवल्याबरोबर "आत्ता बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून हेच मेसेजवर पाठवा. बिलावरही "फोटो" एवढंच न लिहिता "अमुक अंकात एकदा वापरण्याचं मानधन" असं लिहा. वर्षभराने अकाउंट्समध्ये तेवढा एकच कागद सापडतो.

विकणं वेगळं, वापरायला देणं वेगळं

घर विकणं आणि भाड्याने देणं यात जो फरक, तोच हक्क हस्तांतरित करणं आणि परवाना देणं यात. वर दिलेला मेल हा भाडेकराराचा प्रकार. करारात "हक्क हस्तांतरित करीत आहे" असं आलं की ते विक्रीखत समजा आणि दहा वेळा वाचा.

कलम 19 इथे आपल्या बाजूने आहे आणि ते पाठ असावं. हस्तांतरण लेखी हवं, त्यावर देणाऱ्याची किंवा त्याने नेमलेल्याची सही हवी. तोंडी विक्री चालत नाही. कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे त्यात यायला हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास हस्तांतरण आपोआप संपतं. 1994 च्या दुरुस्तीनंतरच्या करारांना हे लागू आहे, त्यामुळे कपाटातल्या जुन्या फायली उघडून पाहायला हरकत नाही. "सगळे हक्क दिले" असं मोघम लिहून दिलेल्या फोटोंची पाच वर्षं कधीच उलटून गेली असतील.

2012 च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात आलं नव्हतं, त्यासाठी जुनं हस्तांतरण लागू होत नाही, त्या माध्यमाचा मुद्दाम उल्लेख असल्याशिवाय. म्हणूनच हल्लीच्या करारांत "आज माहीत असलेली व यापुढे येणारी सर्व माध्यमे" अशी शेपटी असते. ती खोडायला सांगा. नाही खोडली तर निदान एआयच्या प्रशिक्षणासाठी फोटो वापरता किंवा देता येणार नाहीत, अशी ओळ घालून घ्या. "दुसऱ्यास वापर देण्याचा अधिकार" हेही शब्द शोधा. ते असले की तुमचा फोटो त्यांच्या फोटो लायब्ररीतून तिसऱ्याला विकला जाईल, तुम्हाला कळणारही नाही.

मॅग्नम ही फोटोग्राफरांची संस्था 1947 मध्ये याच दुखण्यातून जन्मली. रॉबर्ट कापा, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सीमोर यांनी ठरवलं की मासिकं पैसे देतील, फोटो छापतील, पण कॉपीराइट आणि निगेटिव्ह आपल्याकडे राहतील. तेव्हाच्या मासिकांना हा आगाऊपणा वाटला असणार.

नावाचा हक्क

सगळे हक्क विकले तरी एक उरतो. कलम 57 प्रमाणे फोटो आपला आहे हे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. त्यामुळे हक्क विकलेल्या फोटोखालीही बायलाइन, म्हणजे आपलं नाव, मागता येते. क्रॉप करून माणूस वगळला आणि अर्थच फिरला, तर तक्रार करता येते. जागेसाठी कडा छाटणं वेगळं. त्यावरून भांडत बसू नका, डेस्कवरचे लोक वैतागतात आणि मीही वैतागायचे.

नाव आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे 1972 च्या व्हिएतनाममधल्या नापाम हल्ल्याच्या फोटोवरून नीट कळतं. धावत येणाऱ्या मुलीचा तो फोटो एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेचे फोटोग्राफर निक उट यांच्या नावाने जगाला ठाऊक आहे. तो दुसऱ्याच कुणी काढला असावा असा दावा पुढे आला, 2025 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या पुरस्कार देणाऱ्या संस्थेने त्यावरचं श्रेय स्थगित केलं, आणि एपीने स्वतःची चौकशी करून नाव बदलण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. वाद चालला तो कुणी काढला यावर. फोटो विकायचा हक्क आपल्याकडे आहे, असं धरून एपी आधीपासून व्यवहार करत आली आहे.

इंटरनेटवर टाकलेला फोटो

"पब्लिक पोस्ट होती, म्हणून घेतला" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण. सर्वांना दिसतो म्हणजे सर्वांचा झाला, असं नाही. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा डॅनियल मोरेल या फोटोग्राफरने आपले फोटो ट्विटरवरून पुढे केले. दुसऱ्या एकाने ते स्वतःचे म्हणून टाकले, एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने ते तिथून उचलले आणि गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत ते जगभर गेले. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने एएफपी आणि गेटी यांनी मोरेल यांना 12 लाख डॉलर द्यावेत असं ठरवलं. ट्विटरच्या अटींनी आम्हाला परवाना मिळतो, हा बचाव टिकला नाही.

दुसरं प्रकरण सावध करणारं. स्टेफनी सिंक्लेअर या वृत्तछायाचित्रकार. मॅशेबल या वेबसाइटने त्यांना एका फोटोसाठी 50 डॉलर देऊ केले, त्यांनी नकार दिला, तेव्हा त्या साइटने त्यांची इन्स्टाग्राम पोस्टच बातमीत एम्बेड केली, म्हणजे फोटो स्वतःकडे न उतरवता थेट इन्स्टाग्रामवरून पानात दाखवला. एप्रिल 2020 मध्ये न्यायालयाने आधी साइटच्या बाजूने निकाल दिला, दोन महिन्यांनी त्याचाच फेरविचार केला, पुढे प्रकरण तडजोडीत मिटलं. फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना आपण कंपनीला जगभरचा, विनामोबदला, पुढे देता येण्याजोगा परवाना देतो. मालकी जात नाही, ताबा सैल होतो. विकायचा फोटो आधी विका, मग टाका. आणि टाकाल तो छोट्या आकारात.

प्रत्येक फाइलच्या पोटात नाव घाला. कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइटची जागा असते, तिथे एकदा नाव भरलं की प्रत्येक फ्रेममध्ये जातं. मग आयपीटीसीच्या, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच माहिती साठवण्याच्या ठरलेल्या, रकान्यांत कर्ता, क्रेडिट लाइन, कॉपीराइट सूचना आणि फोन नंबर भरा आणि त्याचा टेम्प्लेट करून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की हे सगळं गळून पडतं, आकारही बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हा खटाटोप नुसता शिस्तीचा नाही: कलम 65ब प्रमाणे अशी हक्काची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माहिती घातलीच नसेल तर काढली असं म्हणणार कसं?

कुणी उचलला तर

फेसबुकवर शिव्या घालणारी पोस्ट लिहायची नाही. समोरचा आधी फोटो काढून टाकेल आणि पुरावा जाईल. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात पत्ता आणि तारीख दिसू द्या. छापील असेल तर अख्खं पान ठेवा, कात्रण नको. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, आणि त्याच्या आगेमागेच्या फ्रेम बाजूला काढा. चोराकडे एक जेपेग असतो, तुमच्याकडे अख्खी रांग असते.

मग हा वापर कायद्याने चालतो का ते तपासा. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची मुभा कलम 52 देतं. ब्रिटनच्या कायद्यात त्या मुभेतून फोटो स्पष्टपणे वगळला आहे, कारण बातमीचा फोटो बातमीसाठीच फुकट घेता आला तर फोटोग्राफरने विकायचं काय? आपल्या कायद्यात तसं वगळलेलं नाही, त्यामुळे इथे वाद होतो. माझं मत विचाराल तर फोटो हीच बातमी असेल, म्हणजे तो फोटो वादात सापडला म्हणून दाखवावा लागला, तर ते रास्त. पानाला चित्र हवं होतं म्हणून उचलला, तर नाही.

नाही असं वाटलं तर संपादकाला मेल. फोटो माझा, परवानगी नव्हती, एवढं मानधन आणि क्रेडिट, अमुक तारखेपर्यंत. शांत भाषा, सोबत बिल. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. एका दैनिकाने माझा फोटो पुरवणीच्या मुखपृष्ठावर बिननावी छापला होता; पहिल्या मेलला उत्तर नाही, दुसऱ्याबरोबर रॉ फाइलचा स्क्रीनशॉट जोडला आणि पैसे आले. माफी आली नाही.

सोशल मीडियावर किंवा दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तर 2013 च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम 75 प्रमाणे त्या मंचाला लेखी तक्रार करता येते. तक्रार पटली तर त्यांनी 36 तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. पण तो बंद राहतो 21 दिवस, आणि त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा चालू करू शकतात. म्हणजे वकील गाठायचा तो तक्रार केल्यावर लगेच. दावा साधारण तीन वर्षांच्या आत हवा. कलम 62 मुळे तो जिल्हा न्यायालयात, तुम्ही राहता किंवा काम करता तिथेही लावता येतो.

फोटोतल्या माणसाचं काय, हेही विचारलं जातं. चेहरा त्याचा असला तरी कॉपीराइट त्याचा नाही. पण तोच फोटो जाहिरातीत जाणार असेल तर त्याची लेखी संमती लागेल, आणि ती फोटो विकणाऱ्याने घ्यायची की छापणाऱ्याने, हे करारात लिहा.

आता थोडं लांबचं. पूर्वी फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षं असे. 2012 पासून तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कवरचं जे काही तुमचं आहे, ते पुढे मुलांकडे किंवा नातवंडांकडे जाणार. मृत्युपत्रात त्यासाठी वेगळी ओळ घाला. कलम 20 प्रमाणे अप्रकाशित फोटो कुणाला मृत्युपत्राने दिला, तर उलट इच्छा दिसत नसल्यास त्याचा कॉपीराइटही त्यालाच जातो. त्यामुळे निगेटिव्हची पेटी एखाद्या मित्राला द्यायची आणि हक्क घरात ठेवायचे असतील, तर तसं स्पष्ट लिहा. आणि कुठले फोटो तुमचे, कुठले दैनिकाचे, याची यादी फोल्डरच्या नावांसकट सोबत जोडा.